दुसरी वेलांटी

पांढुर्णा, १४ जुलै

प्रिय नितीन,

आई संध्याकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे. सोमवारी नव्या फुटबॉल क्लबच्या तीन वर्षांच्या करारावर तू सही करशील, तेव्हा तिला तुझ्या शेजारी बसायचं आहे. सकाळपासून एकच चालू आहे, “पोट्टा सही करून राहिला, अन् मी इथंच बसू का?” हे पत्र तिच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीखाली ठेवते आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

आधी कामाचं. सही करू नकोस. दिलीपभैयांनी तुला सौंसरच्या मैदानावरून उचललं, ते तुझे एजंट आहेत. पण या बदलीत ते त्या क्लबचेही एजंट आहेत. दोन्ही बाजूंनी एकच माणूस बोलणार असेल तर खेळाडूची लेखी संमती आधी लागते. जूनमध्ये दुसऱ्या एका क्लबने तुला मागितलं होतं, पहिल्या अकरांत खेळवू म्हणून. ते पत्र मी दिलीपभैयांच्या ऑफिसात काम करताना पाहिलं. तुला कळवलं गेलं नाही. या क्लबकडे तुझ्या जागेवर आधीच दोन जण आहेत. तुझ्या धावण्याचे आकडे दिलीपभैयांसाठी मीच काढत होते, म्हणून सांगते : तेविसाव्या वर्षी तुझ्याकडे बाकावर घालवायला तीन वर्षं नाहीत.

ते म्हणतील, तुझी संमती आहे. फाइलमध्ये आहे, २ जूनची. खाली सही, ‘नितिन’.

आठवतं, शाळेत मास्तर तुझ्या नावातली दुसरी वेलांटी खोडून पहिली करायचे? शाळा हिंदी, आणि हिंदीत तसंच लिहितात. बाबा नगरपालिकेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून भांडायला गेले होते. “पोराचं नाव मराठी हाय, दीर्घच राहीन.” दाखल्यावर शेवटी ‘नितिन’च आलं, मग आधारवरही. तू म्हणायचास, सरकारी नितिन शाळेत जाईन, मी चाललो ग्राउंडवर. पण सही करताना ती वेलांटी तू बाबांनी शिकवली तशीच ओढतोस, अख्ख्या नावावर छत्री धरल्यासारखी.

म्हणजे ती सही तुझी नाही. ती मी केली आहे. तू कॅम्पात होतास. दिलीपभैया म्हणाले, बहीणच आहेस, फॉर्मॅलिटी आहे. मी कागद वाचला होता. पगार त्यांचा आणि भाऊ माझा. दोन्ही बाजूंना मीही बसले होते. चूक राहू नये म्हणून तुझं आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवलं. नोकरी काल सोडली. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘जाऊ दे ताई’ म्हणाला असतास, आणि तुझ्या हातात काहीच राहिलं नसतं. हे मी हाताने लिहिलं आहे, फुटबॉल महासंघाला अक्षर ताडून बघता यावं म्हणून. तुझं नाव वर दोन्ही तऱ्हांनी आलं आहे. पत्र त्यांना दे. आईला मात्र तूच सांग.

तुझीच, आणि ही सही माझीच,
अर्चना मोतीराम सोमकुवर