सिनेमातली बांगडीवाली

माय, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन तीस वर्षं झाली, पण ह्या आठवड्याइतका राग तुझा कधी आला नव्हता. निजामीत आपल्या भागातली माणसं जुलमाविरुद्ध कशी लढली, त्याचा सिनेमा आलाय. नवीन जालन्यात नातीला घेऊन बघून आले. त्यातली गोवऱ्यांच्या पाटीत चिठ्ठ्या लपवून नेणारी तेरा वर्षांची पोरगी म्हणजे तू. तुझी हकिकत त्या सिनेमावाल्याला मीच सांगितली होती.

पडद्यावर तुला घोड्यावरून आलेल्या एका देखण्या गड्यानं वाचवलं. आणि तुझं नाव फोडलं कुणी, तर बांगडीवालीनं! हातात बांगड्यांची टोपली, तोंडात पान, आणि हत्यारबंद टोळीला बोटानं तुझं घर दाखवती. लोक शिव्या घालत होते. नात कानाशी म्हणाली, "आजी, एवढी वाईट होती ती बाई?" माझ्या अंगाची आग आग झाली.

तू चुलीपुढे भाकरी थापत सांगायचीस, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. टोळी गावात शिरल्यावर त्या बाईनंच तुला ओढून घरात नेलं, स्वतःच्या गोधडीत झाकलं आणि दार अडवून उभी राहिली. "मेरी बच्ची है. चेचक निकली है उसकू, हात मत लगाव." देवीच्या रोगाचं नाव ऐकून ते उंबऱ्यावरूनच फिरले. मी विचारते, "मंग तुझं नाव सांगितलं कोणं?" तुझा हात थांबतो. "माझ्या सख्ख्या चुलत्यानं. पण हे बाहेर बोलायचं न्हाई. आपल्याला भावकीत राह्याचंय."

मी सिनेमावाल्याला फोन लावला. म्हणाला, "आजी, गोष्टीला फितूर लागतोच. तुम्हीच म्हणालात, नाव कुणी फोडलं माहीत न्हाई."

म्हणाले होते. तो घरी आल्ता तेव्हा तुझ्या त्या चुलत्याचा नातू शेजारीच बसला होता. त्याच्या आज्याचा फोटो शाळेत स्वातंत्र्यसैनिकांच्या रांगेत लावलेला आहे, दर वर्षी हार पडतो. मी फितुराची जागा मोकळी सोडली आणि त्या सिनेमावाल्यानं तिथं तुझा जीव वाचवणारीला नेऊन बसवलं. तू मला गप्प राहायला शिकवलंस, माय. चिठ्ठ्या न्यायला भ्याली नाहीस, मग भावकीला का भ्यालीस?

काल राजूरला गेले. बांगडीवालीचा नातू अजून तोच धंदा करतो. मला बघून उठला, "या मावशी." माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरता भरता खाली मान घालूनच म्हणाला, "पोरगी शाळेत जाईना झालीय. पोरं तिला फितुराची म्हणतात. आमची दादी तशी न्हव्हती, मावशी. तुमच्या आईनं कधी काही सांगितलं होतं का?"

हे पत्र खरं तर त्यालाच द्यायला हवं. मी त्याला म्हणाले, "न्हाई बाबा, काहीच न्हाई सांगितलं."