जे ताईला सांगायचं होतं

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. फोनवर तू आधी 'जेवलीस का' विचारतेस आणि माझं मूळ बोलणं तिथेच राहून जातं, म्हणून लिहायला बसले. रविवारची दुपार आहे. झोपूनही थकवा जात नाही, असे दिवस चाललेत.

आधी कामाचं सांगते. तीन वर्षांपूर्वी मी तुझ्या अंगणात जाळं लावून चिमण्या धरल्या, तेव्हा तू विचारलं होतंस, एवढ्याशा जिवाला कापसाने पुसून तुम्हाला मिळतं तरी काय? मी घाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. चिमणीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची बारीक गाठ असते. तिथे चोच घासून ती सगळ्या पिसांना तेल लावते. पिसांवर जंतू असतात, काही तर पिसंच खातात, आणि तेल त्यांना आवर घालतं. शहरातला धूर, रात्रभराचे दिवे, उकिरड्यावरचं खाणं यांनी ते जंतू बदलतात का, चिमणीचं हे अंगचं औषध पुरं पडतं का, एवढंच शोधत होतो. तुझ्या अंगणातल्या चाळीस चिमण्या आणि इथल्या बसथांब्यामागच्या चाळीस.

आकडे आले ते अगदी हवे तसे. शहरातल्या पिसांवर जंतू दुप्पट! आमच्या प्रमुख बाई खूश, लेख छापायला निघाला. फक्त मला ठाऊक होतं की तुझ्याकडून परतल्यावर शहरातल्या नमुन्यांचं एक खोकं मी दिवसभर टेबलावर विसरले होते. उकाड्यात जंतू वाढणारच. वहीत मात्र मी 'लगेच शीतपेटीत ठेवले' असं लिहून मोकळी झाले होते. गेल्या महिन्यात शेवटची सही करायची वेळ आली आणि मी पेन खाली ठेवलं. बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. ते खोकं वगळल्यावर फरक उरला, पण जेमतेम. लेख मागे घेतला. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन वर्षं हे घेऊन फिरत होतीस तू?"

तो प्रश्न माझ्या मागे घरापर्यंत आला, ताई. कारण चिमण्या धरायला तुझ्याकडे राहिले, त्या चार दिवसांतलं आणखी एक मी घेऊन फिरतेय.

आईची खाट तेव्हा खिडकीशी होती. अर्धं अंग लुळं, जीभ जड, पण चेष्टा सुटली नव्हती. धाकटी एवढी शिकली आणि चिमण्यांची अंगं पुसत बसली, असं शेजारच्या काकूंना सांगून हसायची. तू दर दोन तासांनी तिची कूस बदलायचीस, पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस. आणि तुझ्या उशाखाली परिचारिका महाविद्यालयाचं पत्र होतं. शिकवायची नोकरी, दुसऱ्या शहरात. आईला कोण बघणार म्हणून तू नकार कळवायचं ठरवलंस. मी ऐकलं आणि जाळ्याच्या गाठी सोडवत राहिले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. निघायच्या दिवशी तू औषधं आणायला गेली होतीस. आईने मला जवळ बोलावलं. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ताईला सांग, नोकरी घे म्हणावं. मला तू घेऊन जा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी रागावले." मी हो म्हटलं. मग माझी दोन खोल्यांची जागा, माझं काम, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी पिशवी भरली. पुढे फोनवर, तू स्वयंपाकघरात असलीस की ती विचारायची, "सांगितलंस का?" मी म्हणायचे, "सांगितलं गं, ताईच नको म्हणते." दोन वर्षं मी हेच सांगत राहिले. आई गेली ती तेच खरं धरून. त्या नोकरीची वयाची अट मी परवा पाहिली, तू आता तीत बसत नाहीस. माफी मागायला तोंड नाही. पण तू जावंस असं आईला वाटत होतं, हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. ते आज, इतक्या उशिरा, पाठवतेय.

तुझीच,
धाकटी