साठ हजारांतला गेमिंग पीसी

३ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय झाला. गेमिंग पीसी आणायचा, तोही तयार नाही. सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. तयार घेणारी माणसं शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दुकानात लावून घेत असणार.

कारण ऑफिसातले चौघे. आमच्या विमा कंपनीच्या क्लेम विभागातले हे महाभाग दर रविवारी चार वाजता आपापल्या घरून एकत्र गेम खेळतात आणि सोमवारी डबा खाताना कोणी कोणाला उडवलं ते सांगत बसतात. आज मी सहज म्हणालो की मी उतरलो तर तुमची पंचाईत होईल. चौघेही हसले. त्यांचा कॅप्टन, म्हणजे आमचा टायपिस्ट, म्हणाला की या ना सर, पाचवा माणूस हवाच आहे. त्या ‘सर’मध्ये आदर औषधाला नव्हता.

गेम मी अजून एकही खेळलेलो नाही. पण हा प्रश्न रिफ्लेक्सेसचा आहे. मागच्या आठवड्यात टेबलावरून पडणारा कप मी हवेत झेलला. चहा सांडला तो वेगळा मुद्दा.

४ फेब्रुवारी
बायकोशी चर्चा. ती बँकेत असल्यामुळे चर्चा म्हणजे मंजुरीपत्र. साठ हजार, वर एक पैसा नाही. सोफ्यासाठी ठेवलेले आहेत, त्यामुळे जास्त लागले तर पाहुण्यांना कॉम्प्युटरवर बसवायचं, असं म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार
एक्सेल शीट तयार. एक्केचाळीस ओळी, तीन रंग. सहा व्हिडिओ पाहिले, सगळे बोलणारे पोरकट. ‘बॉटलनेक’ हा शब्द मात्र कामाचा. जेवताना तीनदा वापरला. सासरेबुवांनी विचारलं, म्हणजे बाटलीची मान का? नाही म्हणालो. (तेच आहे. पण ह्यांना कोणी विचारलं होतं?) सासरेबुवा आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मेलेला धंदा.

१४ फेब्रुवारी
कॅप्टनने न मागता यादी दिली. आठ भाग, एकूण अठ्ठावन्न हजार. दोन मिनिटांत लिहिली. ज्याला दोन मिनिटं पुरतात त्याने विचार केलेलाच नसतो. फाडून टाकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात गेलो. दुकानदार विचारतो, कोणता गेम खेळणार? भोचकपणा. सगळे, म्हणालो. आधी कॅबिनेट घेतलं: एका बाजूला काच, सात पंखे, प्रत्येकात रंगीत दिवे. बारा हजार. ह्याने वेग काही वाढणार नाही, असं तो म्हणाला. विकायला बसलाय आणि विकायची अक्कल नाही.

घरी येऊन शीट पाहिली. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची सगळी चित्रं पळवणारा भाग, त्याच्या वाट्याला अकरा हजार उरलेत. नवं एवढ्यात येत नाही. शीटमध्येच काहीतरी चूक आहे.

१ मार्च, शनिवार
कार्ड मिळालं. सेकंडहँड, एका सलूनवाल्याकडून, तेरा हजार. फारसं वापरलेलं नाही म्हणाला. पंख्यातून केस निघाले. वरचे दोन हजार बायकोला योग्य वेळी सांगेन. योग्य वेळ कोणती, याचाही विचार चालू आहे.

९ मार्च, रविवार
जोडणी. माहितीपुस्तिका उघडली नाही. ती सामान्य ग्राहकासाठी असते.

सकाळी दहाला प्रोसेसर हातातून निसटला. टेबल डुगडुगतं, हे मी घरात कितीदा सांगितलंय. प्रोसेसरच्या पोटाला केसाएवढ्या बारीक शेकडो टाचण्या असतात. त्यातल्या अकरा वाकल्या. दुकानात फोन केला. पाडलेला परत घेत नाही, असं तो म्हणाला. आवाजात समाधान होतं. चौदा हजारांचा प्रोसेसर. बायको बाजारात गेली होती. मी खुर्चीवर नुसता बसून राहिलो.

सासरेबुवा आले, वाकून पाहिलं, आत गेले आणि डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटा घेऊन आले. मी नको म्हणालो. त्यांच्या हातात कप असला की बशी वाजते. पण चिमटा धरल्यावर तो हात भिंतीत ठोकल्यासारखा थांबला. दोन तास. एक-एक टाचणी. मध्ये एकदाच बोलले.

“जावईबापू, श्वास तिकडे सोडा.”

मग त्यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली आणि बाकीचंही जोडलं. मी देखरेख केली. पावणेसहाला मशीन सुरू झालं, सातही पंखे रंगीत. बायकोने विचारलं, कोणी केलं? मी ‘आम्ही’ म्हणालो. सासरेबुवा चिमटा पुसत आत निघून गेले. श्रेय घेता येत नाही, म्हणूनच हा माणूस आयुष्यभर दुकानात बसून राहिला.

१६ मार्च, रविवार
पहिला सामना.
४.०० – हेडफोन लावला. कॅप्टनला डावपेच समजावले.
४.०२ – पळालो. वळलो. खोलीही वळली.
४.०४ – घाम.
४.०५ – बाथरूम.
हेडफोन डोक्यावरच राहिला होता, वायरलेस. माइक चालू. चौघांनी सगळं ऐकलं.

१७ मार्च
डॉक्टर म्हणतात, डोळे सांगतात पळतोय, कान सांगतात बसलोय, आणि पोटाला कोणाचं ऐकावं कळत नाही. काही लोकांचं असंच असतं. मी ‘काही लोक’ नाही, हे त्यांना सांगितलं. रोज पाच मिनिटं सराव करून बघा, म्हणाले.
डबा खाताना कोणी हसलं नाही. कॅप्टनने लिंबाची फोड पुढे केली.

२२ मार्च
आठवड्याचा उच्चांक: चार मिनिटं. एक डोळा मिटून पाहिलं. बादली जवळ.

२३ मार्च, रविवार
चार मिनिटं दहा सेकंद. हेडफोन टेबलावर ठेवला आणि जमिनीवर आडवा झालो. हेडफोनमधून कॅप्टनचा आवाज येत होता: सर, दार सोडू नका, दारापाशी थांबा.

सासरेबुवा पेपर वाचत होते. पेपराची घडी घातली, खुर्चीवर बसले, हेडफोन उलटा लावला आणि विचारलं की मी यांचा सासरा, कोणतं बटण दाबू? कॅप्टनने सांगितलं असावं. मग त्या एका दारापाशी ते पन्नास मिनिटं थांबले. हलले नाहीत. मी हात डोळ्यांवर ठेवून ऐकत होतो. दोन शत्रू आले तेव्हा त्यांनी विचारलं, आधी हटकायचं असतं का? नसतं, असं उत्तर आलं असणार. दोन्ही गेले.

टीम सात आठवड्यांनी जिंकली. सांगितलेल्या जागी थांबणारा पहिलाच माणूस मिळाला, असं चौघांचं मत.

सहाला मला कॅप्टनचा फोन. तब्येत विचारली. मग म्हणाला, पुढच्या रविवारी काका मोकळे आहेत का? विचारून सांगतो, म्हणालो.

विचारलं. मोकळे आहेत.