फटफटीला चार दिवे

२८ ऑक्टोबर १९४६, सोमवार
आज ठरवले. फटफटीला जादा दिवे बसवायचे. कॅनॉल इन्स्पेक्टरला रात्री फिरावे लागते आणि बैलगाड्यांना मागे दिवा नसतो. कारण एवढेच.

ताईचे म्हणणे वेगळे. यंदा सण नाही, तरी भाऊबीजेला तिने राहात्याला जेवायला बोलावले होते. म्हणाली, "शाम, अंधार पडला की तू कचेरीच्या बाकावर झोपतोस, हे साऱ्या गावाला माहीत आहे. रोज रात्री स्वतःच्या घरी जायला लाग, मग पोरीला ने. नाहीतर तिचं नाव मी इथल्याच शाळेत घालते." सुमेधा दाराआडून ऐकत होती. श्रावणात तिची आई, सुनीती, तापाने गेली, तेव्हापासून पोर ताईकडेच आहे.

कचेरी आणि घर यांच्यामध्ये कालव्याचा पूल आहे. तिथे उजेड कमी पडतो. बाकी अडचण काही नाही.

३० ऑक्टोबर
दिव्याची काळी टोपी काढून टाकली. लढाईत उजेड झाकायचा हुकूम होता म्हणून बसवली होती, ती तशीच राहिली. रस्ता दिसत नसे, म्हणून सुनीती कंदील घेऊन पुलापर्यंत येई आणि कठड्यापाशी उभी राही. आता टोपी नाही. तिथे कोणी उभे राहण्याचे कारण उरले नाही.

२ नोव्हेंबर
लष्कराने विकायला काढलेल्या नगरच्या डिस्पोजलच्या मालातला एक दिवा मिळाला. गोरक्षने हँडलवर बसवून दिला. तो पंप, सायकली, काय मिळेल ते दुरुस्त करतो. संध्याकाळी निघालो. पुलाच्या अलीकडे बाभळ आहे, तिथपर्यंत उत्तम दिसले. पुढे गेलो नाही, कारण टेस्ट पूर्ण झाली होती. कचेरीत झोपलो.

५ नोव्हेंबर
आणखी एक दिवा. एकूण तीन. गोरक्ष म्हणाला, "रावसाहेब, वरात काढायची हाय का?" मी हसलो नाही. मग म्हणाला, डायनामो तेवढाच हाय, दिवं वाढलं तर उजेड वाटून घेत्यात. म्हटले, तू बसव.

बाभळीपाशी वेग कमी केला तर तिन्ही दिवे लाल झाले. कठड्याजवळ काही पांढरे दिसले. मैलाचा दगड असावा. परतलो.
तिथे मैलाचा दगड नाही, हे कचेरीत आल्यावर लक्षात आले.

८ नोव्हेंबर
उद्या पौर्णिमा. चांदण्यात दिव्यांची खरी परीक्षा होत नाही. काळोख्या रात्री येईपर्यंत थांबणे शास्त्रीय. बाक अरुंद आहे, पण सवय झाली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
चौथा दिवा बसला. बाजारचा दिवस, म्हणून ताईकडे दाखवायला नेला. सुमेधाने चारही काचा फडक्याने पुसल्या. विचारले, "अण्णा, आता पुलावर सगळं दिसेल?" मुंगीसुद्धा, म्हटले. ती बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिली.

ताई म्हणाली, "दिवे पुरे झाले, घरी जा. पुढच्या गुरुवारपर्यंत वाट बघते, मग शाळेत नाव घालते."
आठवडा पुष्कळ आहे. आज रात्रीच जातो.

१५ नोव्हेंबर
काल पेट्रोल कमी वाटले. उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर
अंगात कसकस. हात लावून पाहिले तर ताप नाही. पण पुलावर गारठा असतो आणि पोरीला आणायचे तर तब्येत सांभाळली पाहिजे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
घरून लिहितो आहे. पूल ओलांडला.

बाभळीपाशी इंजिन बंद केले. त्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही. बॅटरीवर दिवे ठेवून फटफटी ढकलत नेली. कठड्यापाशी कोणी नव्हते. मी आधीपासून हेच म्हणत होतो.

पलीकडे पोचलो. तिथून पुन्हा अलीकडे आलो. माणसाला कधीकधी उशीर होतो. थोडा थांबून परत गेलो. बॅटरी बसेपर्यंत असे जाऊन येऊन दिव्यांची टेस्ट घेतली. रिझल्ट समाधानकारक.

घराचे कुलूप काढायला वेळ लागला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सुमेधाला आणायला गेलो. भाजीवाली झुंबरबाई ताईच्या ओट्यावर टोपली ठेवून सांगत होती, कालव्याच्या पुलावर भूत निघाले आहे. परवा मोट सोडून येताना तिच्या दिराने पाहिले. "लई वंगाळ, बाई. चार डोळं, लालभडक. पायाचा आवाज न्हाई. जातंय आन् फिरून येतंय. आन् बाईच्या नावानं हाका मारतंय. सुनीती, सुनीती."

मी हाक मारल्याचे मला आठवत नाही. ती असताना कधी नावाने मारली नव्हती. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

ताईने मेथीची जुडी घेऊन झुंबरबाईला वाटेला लावले. म्हणाली, "असल्या वाटेनं मी पोरीला पाठवणार नाही." माझ्याकडे बघत नव्हती.
म्हटले, "ताई, तो मी होतो. दिवे तपासत होतो."
ताई जुडी तशीच हातात धरून उभी राहिली. मग पदर डोळ्यांना लावला. 

सुमेधाने विचारले, "अण्णा, दिसली?"
नाही, म्हणालो.
"मला पण नाही दिसत," म्हणाली आणि कपड्यांची पिशवी आणायला आत गेली. ताईने अडवले नाही.

दुपारी, उन्हातच, घरी पोचलो. दिव्यांचा काही उपयोग झाला नाही.