राहणारी माणसे : एक

॥ श्री ॥
निंबगाव कसबा, ता. अंबड
दि. ९ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. ताईस,
गिरिधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र व तिळगूळ पोचला. वाटेत त्याचा भुगा झाला होता, तो नंदाने चमच्याने खाल्ला. आम्ही उभयतांनी नुसता वास घेतला.

लॉरीचे प्रकरण वामनरावांना पहिल्यापासून कळायला हवे असे तू लिहितेस. वकिलाच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला अर्धवट सांगून चालत नाही, म्हणून सगळे लिहितो. त्रेपन्न साली मी लष्करी लिलावातली लॉरी घेतली, त्यात तुझ्या दोन पाटल्या गेल्या, हे तुला माहीत आहेच. दोन वर्षे बराबर चालली. वडीगोद्रीकडचा कापूस जालन्याच्या जिनिंगला नेत होतो. मग मला हाव सुटली. मागून साडेचार फूट लांबी वाढवली तर खेपेला दहाबारा बोजे जास्त बसतील असा हिशेब केला आणि काम त्रिंबक सुताराला दिले. बैलगाडी करण्यात अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. मोटारीला मात्र त्याने तोवर हात लावलेला नव्हता. त्याचे म्हणणे असे की मागं वजन टाकलं की बैलाच्या मानेवरचं वझं जल्दी उतरतं, तुम्ही बिलकुल फिकीर करू नका. मला ते पटले. खोटे कशाला बोलू, मलाही तोवर बैलगाडीचेच कळत होते.

पहिल्याच भरल्या खेपेला वडीगोद्रीच्या चढावर लॉरी उलाळ झाली. पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली. कचरू ड्रायव्हर चक्र फिरवतो आहे आणि लॉरी सरळ ज्वारीत. कचरूने खाली उतरून लॉरीला नमस्कार केला, मला केला, आणि दुसऱ्याकडे नोकरीला गेला. नंतर वर्षभर मी अर्धाच माल भरून, पुढे दगडांची दोन पोती बांधून तिला चालवली. पुढे आपण मुंबई राज्यात गेलो, कागद नवे झाले. औरंगाबादच्या मोटार कचेरीने गाडी बघितली आणि वाढवलेला भाग कापल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही असे लिहून दिले. त्रिंबक म्हणतो, आता कापलं तर पुढचंबी ऱ्हात न्हाई. म्हणून गेल्या मार्चपासून लॉरी अंगणात आहे. टायर कुजू नयेत म्हणून चाके काढून ती चार दगडांवर ठेवली आहे, वर पत्रे आहेतच.

आता नवे ऐक. इथल्या टाऊन कमिटीने घरपट्टीची फेरमोजणी काढली. त्यांचा इन्स्पेक्टर आला, त्याने अंगणात फीत धरली आणि लिहून घेतले की लाकडी खोली एक, पत्र्याचे छप्पर, दगडी पाया. खोलीची पट्टी वर्षाला एकतीस रुपये वाढली, शिवाय दिवाबत्तीची आणि सफाईची निराळी. गल्लीत दिव्याचा खांब आहे, दिवा नाही. खांबाला झुंबरबाईची शेळी बांधलेली असते. म्हणजे मी शेळीची पट्टी भरतो.

नीलाला राजूरच्या मुलींच्या शाळेत जूनपासून शिक्षिकेची जागा मिळते आहे, राहायला दोन खोल्याही देतात. पण लॉरीचे मिटल्याशिवाय इथून हलता येत नाही. तुझ्या पाटल्यांची मी खोली होऊ देणार नाही. पुढे काय करावे ते वामनरावांना विचारून कळव.

तुझा लोभ आहे, तो लॉरीपेक्षा जास्त टिको.
तुझा
गिरिधर


॥ श्री ॥
नाशिक
दि. १८ फेब्रुवारी १९५८

चि. गिरिधर यास,
शरयूचे अ. आ. वि. वि.

पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ज्वारीत गेलेल्या लॉरीला हे इतके हसले की ठसका लागला. मग एकदम गंभीर झाले आणि कायद्याचे पुस्तक काढून बसले. निवृत्त झाल्यापासून ह्यांना कोणी सल्ला विचारीत नाही, त्यामुळे तुझ्या पत्राने घरात दिवाळी झाली.

ह्यांचे म्हणणे असे. एक दमडीही भरू नकोस, भरलीस की ती खोली आहे हे तू कबूल केलेस. गाडीचा एक खिळाही काढू नकोस, तिथून हलवू नकोस. आणि कब्जा सोडू नकोस. तू रोज त्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला दिसला पाहिजेस, म्हणजे ती गाडी आहे आणि वापरात आहे हे गल्लीला साक्षीला राहील. हे पुन्हा पुन्हा बजावून सांगत होते, म्हणून मीही बजावते.

नीलाची जागा मात्र हातची घालवू नका. आणि पाटल्यांचे प्रत्येक पत्रात लिहितोस ते पुरे कर. मला हात आहेत, त्यात बांगड्या आहेत.

नंदास गोड पापा. नीलाला आशीर्वाद. आहे ती माया आटू न देणे तुझ्याकडे लागले.
तुझी
ताई


॥ श्री ॥
निंबगाव कसबा
दि. २० एप्रिल १९५८

ती. सौ. ताईस,
गिरिधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कमिटीपुढे माझ्या पट्टीविरुद्धच्या अर्जाची सुनावणी झाली. साहेब माणूस वाईट नाही. मी तासभर बोललो, त्यांनी ऐकून घेतले, चहा मागवला. मग म्हणाले की लॉरी असेल तर एकदा फाटकाबाहेर काढून दाखवा, त्याच दिवशी नोंद खोडतो. मी त्यांना मोटार कचेरीचे पत्र दाखवले. पासिंग नसताना चाक रस्त्याला लागले तर गाडी जप्त होईल असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ते म्हणाले, मग माझाही नाइलाज आहे.

मोटार कचेरीला कळवले की लॉरी अंगणात उभी आहे, चालत नाही, तर मोटारीचा कर माफ करा. उत्तर आले की गाडीचे कागद परत करा, म्हणजे कर थांबेल. कागद परत केले की ती गाडीच उरत नाही, मग टाऊन कमिटीचेच खरे होणार. म्हणजे एका कचेरीत ती लॉरी आहे आणि दुसरीत घर, आणि कर दोन्हीकडे चालू आहे. मी हात जोडून विचारतो की दोघांनी मिळून काहीतरी एक ठरवा. त्यांची आपसात ओळखही नाही.

वामनरावांना सांग, कब्जा सोडलेला नाही. सकाळी स्नान झाले की जाऊन बसतो. आता सवय झाली आहे, अवघड वाटत नाही. पुन्हा तपासणीला इन्स्पेक्टर येणार आहे, बघू काय करून राह्यलेत ते. नाशिकला राहून हे बोलणे तू विसरली असशील.

मोठ्यांना नमस्कार. माया असू दे, तिच्यावर अजून पट्टी बसलेली नाही.
तुझा
गिरिधर


॥ श्री ॥
निंबगाव कसबा
दि. ११ मे १९५८

ती. सौ. वन्सं यांस,
सौ. नीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तसे आजवर कधी केले नाही. वाचून फाडून टाकावे.

ह्यांची पत्रे नेहमी हसरी असतात, त्यामुळे इकडचे तुम्हाला कळत नसेल. फेब्रुवारीत तुमच्याकडचा सल्ला आला, तेव्हापासून हे लॉरीत बसतात. पहिल्यांदा सकाळी तासभर बसत. मग दुपारचे जेवण तिथेच मागू लागले. नंदा खिडकीतून ताट देते आणि रिकामे ताट घेऊन येते, तिला त्यात आता काही वेगळे वाटत नाही. होळीपासून अंथरूणही केबिनमध्ये गेले. जवळ दुसरे काही काम नाही. फडक्याने चक्र पुसतात, काच पुसतात, आणि कोणी आले की पाटल्यांची गोष्ट सांगतात. ताईने हातातले काढून दिले, त्याची मी खोली होऊ दिली तर कोणत्या तोंडाने भाऊबीजेला जाऊ, असे म्हणतात.

गेल्या सोमवारी इन्स्पेक्टर पुन्हा आला. त्याने मला विचारले की ह्या खोलीत कोणी राहते का, की नुसती पडून आहे. पडून असलेल्या खोलीला पट्टी अर्धी लागते, असे तोच बिचारा सांगत होता. मी उत्तर देणार तोच ह्यांनी केबिनमधून डोके बाहेर काढून सांगितले की मी राहतो. त्याने वहीत लिहिले, राहणारी माणसे एक. वन्सं, त्यात त्याने खोटे काय लिहिले? मला त्या दिवशी फार रडू आले.

राजूरला सोळा जूनच्या आत हजर व्हायचे आहे. नाही झाले तर जागा दुसरीला जाईल, आणि पुन्हा अशी मिळणार नाही. शेजारच्या दुर्गाबाई म्हणतात की नंदाला घेऊन तुम्ही जावा, मालक येतील मागून. हे मागून येणार नाहीत. मी गेले तर ताट कोण देईल? आणि नाही गेले तर आम्ही तिघेही त्या लॉरीत बसल्यासारखेच आहोत. मला ह्यांचा राग येत नाही असे नाही, येतो, पण त्या खिडकीत चेहरा दिसला की बोलवत नाही. हे फक्त तुमचे ऐकतात. तुम्हीच काही करा.

धाकटीचे चुकले असेल तर पोटात घालावे, आणि जवळ धरलेले आहे ते सोडू नये.
आपली
नीला


॥ श्री ॥
नाशिक
दि. १९ मे १९५८

चि. गिरिधर यास,
शरयूचे अ. आ. वि. वि.

इकडे आंबे महाग आहेत आणि ह्यांचा गुडघा दुखतो, बाकी सर्व क्षेम. आता मुद्द्याचे लिहिते. तू लॉरीत राहतोस हे मला कळले. कोणी कळवले ते विचारू नकोस. विचारलेस तर तुला कळेलच, आणि कळले तर तिचे पाय धरण्याइतकी अक्कल तुझ्यात असावी.

तुला तिथे बसवले आम्ही. सल्ला ह्यांचा होता, बजावून लिहिणारी मी होते. मी ह्यांना सगळे सांगितले. दोन दिवस कायद्याचे पुस्तक उघडले नाही त्यांनी. काल आपण होऊन म्हणाले की माझे चुकले असे त्याला लिही. बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा तू त्याचा मान ठेव.

पाटल्यांचेही आता शेवटचे लिहिते. त्या मी लॉरीला दिल्या नव्हत्या, तुला दिल्या होत्या. तू धडपड करतोस ते मला आवडते म्हणून दिल्या. त्या परत मिळाव्यात असे मनात एकदाही आले नाही म्हणणार नाही, तेही आले. पण तू असा बसून राहावास असे कधीच आले नाही. गिरू, मला तुझी भीती वाटते आहे. दोनदा पत्र लिहायला घेतले आणि दोनदा फाडून टाकले.

तर आता असे कर. कमिटीत जा आणि लिहून दे की होय, ते घर आहे. गाडीचे कागद मोटार कचेरीला परत पाठव. लॉरी असली की राखण करत बसावे लागते. घराला कुलूप लावून जाता येते. उद्या मला कोणी विचारले की पाटल्यांचे काय केलेस, तर भावाला खोली बांधून दिली म्हणेन. ज्वारीत जाणारी लॉरी घेऊन दिली म्हणण्यापेक्षा ते चारचौघांत बरे दिसते.

सोळा जूनच्या आत राजूरला पोचल्याचे पत्र आले नाही, तर मी स्वतः येऊन त्या केबिनमध्ये तुझ्या शेजारी बसेन. मग लिहू देत त्यांना माणसे दोन.

ह्या वेळी लोभ असावा लिहीत नाही. तो आहे, तू ऊठ.
तुझी
ताई


॥ श्री ॥
राजूर, ता. भोकरदन
दि. १७ जून १९५८

ती. सौ. ताईस,
गिरिधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तुझे पत्र वाचून पहिले आठ दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. नीलावरही चिडलो, ते पाय धरण्याचे राहूनच गेले. सगळे जग मिळून माझ्या लॉरीला खोली म्हणते आणि आता ताईही म्हणते, असे वाटले. नवव्या दिवशी पुन्हा वाचले. तू दोनदा पत्र फाडलेस ते आधी वाचलेच नव्हते.

नऊ जूनला कमिटीत जाऊन लिहून दिले. साहेबांना आनंद झाला, पुन्हा चहा मागवला. कारकुनाने विचारले की खोली कुणाच्या नावावर लावू. मी म्हणालो, जिच्या पैशाने उभी आहे तिच्या. त्याने तुझे नाव, वामनरावांचे नाव आणि नाशिकचा पत्ता नीट लिहून घेतला. तेव्हा दरवर्षी एप्रिलात पट्टीचा कागद तुला येईल. खोली रिकामी लिहिली म्हणून अर्धीच आहे, दिवाबत्ती आणि सफाई मात्र पूर्ण. त्यावर वामनरावांनी खुशाल दावा लावावा. मोटारीचे कागद रजिस्टरने पाठवले. पाकीट पोस्टाच्या खिडकीत देताना हातातून सुटेना, मास्तरांनी दोनदा मागितले.

नीला चौदा तारखेला हजर झाली. नंदा तिच्याच शाळेत जाते. मी गणपतीच्या देवळाजवळच्या नारळाच्या दुकानात बसतो. चतुर्थीला लॉऱ्या भरून माणसे येतात. मी आधी मागचा भाग बघतो, मग गिऱ्हाईक बघतो. ही सवय जाईल की नाही ठाऊक नाही. दुकानाला दार आहे आणि मी त्यातून आतबाहेर करतो, सध्या तेवढे पुष्कळ आहे.

एक सांगायचे राहिले. सही करून घरी आलो त्या दुपारी वाटत होते की केबिनमध्ये जाऊन एकदा पोटभर रडावे, मग कुलूप लावावे. फाटकातून आत आलो आणि रडू आलेच नाही. भूक लागली. सरळ स्वयंपाकघरात गेलो, पाट घेतला आणि बसलो. नीला भाकरी थापत होती. तिने वळून बघितले. नंदा सवयीने ताट उचलून अंगणाकडे निघाली होती, ती दारातून परत आली. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या, ताई. पीठ संपले तेव्हा नीलाने स्वतःच्या वाटणीची माझ्या ताटात टाकली आणि चुलीकडे तोंड करून बसून राहिली. मी ती मोडून अर्धी तिला दिली.

वामनरावांना सा. न. तुझी माया माझ्या नावावर असू दे, तिची पट्टी मी भरीन.
तुझा
गिरिधर