आईच्या झेंडूवरचा बल्ब

शेवगाव,
नवरात्र, पाचवी माळ

तीर्थस्वरूप आक्का,
सोनईच्या दिशेला तोंड करून तुझ्या पाया पडतो, तेवढ्यावर आशीर्वाद दे. गुडघ्याला तेल चोळतेस ना, की बाटली अजून देव्हाऱ्याखालीच आहे? आमच्याकडे सगळे बरे आहेत, झेंडू सोडून. फोनच केला असता, पण तुला ऐकू जाईल एवढ्यानं बोललो की गल्लीला ऐकू जातं, आणि ज्याच्याविषयी लिहायचंय तो भिंतीपलीकडेच राहतो. सूनबाई पत्र वाचून दाखवील तेव्हा तिला म्हणावं, कंसातलं मनातल्या मनात वाच.

आईच्या झेंडूचं बी यंदा फक्त माझ्याकडे उरलं होतं. तुझी रोपं पावसानं कुजली, तेव्हा तू शिल्लक वाळकी फुलं रुमालात बांधून दिलीस आणि म्हणालीस, "वाल्मिक, आईचं वाण बुडवू नको." गडद केशरी आणि मधोमध पाकळ्यांची उभी शेंडी असलेला तो झेंडू बाजारात कुठं मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून मी ते फार मनावर घेतलं. भिंतीलगत कुंड्यांची रांग लावली, खत घातलं, आणि कळीचा पत्ता नसतानाच चोराचा बंदोबस्त केला. (चोर म्हणजे भिंतीपलीकडचा आपला रामहरी. सकाळी फिरायला जाताना त्याची पिशवी रिकामी असते, येताना भरलेली. देवासाठी तोडलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असं त्याचं ठाम मत आहे.) कुंड्यांवर मी मोठा बल्ब टांगला. तो तिन्हीसांजेला लागायचा आणि उजाडल्यावर विझायचा.

झाडं माझ्या छातीला लागली. हिरवीगार, पण कळी एक नाही. मी खत तोडलं, पाणी तोडलं, दुकानदारानं दिलेली बाटली फवारली. झाडं आणखी वाढली. शुभांगी म्हणाली, "आवो, माणसाला बी इतकं जपलं तर त्ये काम करील का?" आणि एके दिवशी पाहतो तर पाण्याच्या ड्रममागं, फेकून द्यायचं राहून गेलेलं एक मरतुकडं रोप फुललेलं, शेंडीसकट. मला काही सुचेना. त्याला हात धुतलेलं पाणी मिळतं, एवढाच फरक दिसला. मग मी सगळ्याच झाडांना ते द्यायला लागलो. (दिवसातून इतक्या वेळा हात धुवायचो, की शेवटी शुभांगीनं विचारलं, तुमी नेमका कशाला हात लावताय?) काही झालं नाही. शेवटी ड्रममागं चप्पल शोधताना लक्षात आलं, की तिथं अंधार आहे. बल्बचा उजेड ड्रमला अडतो. मी एका कुंडीवर रोज तिन्हीसांजेला पोतं घालायला लागलो आणि तिला कळ्या धरल्या. आक्का, झेंडूला फुलायला अंधार लागतो. आईला हे माहीत असेल का गं? तिच्या अंगणात दिवाच नव्हता, त्यामुळे तिला हा प्रश्न कधी पडला नसावा. मला मात्र तेव्हापासून नवल वाटतंय, की पानाला डोळा नसताना त्याला रात्र झालेली कळते कशी.

बल्ब काढला. त्याच आठवड्यात वादळी पाऊस आला आणि छातीएवढी झाडं बुडातून मोडली, पोत्याखालचं सुद्धा. राहिलं ते ड्रममागचं एक. त्याचं एकुलतं फूल मी बियाण्यासाठी वाळायला ठेवलं होतं. पहिल्या माळेला सकाळी पाहिलं तर नुसता देठ. उजेड होता तेव्हा चोरायला फूल नव्हतं, आणि फूल आलं तेव्हा उजेड नव्हता.

रामहरीनं नाकबूल सुद्धा केलं नाही. "नेलं की. देवीला वाहिलं. देवीचं माघारी मागता व्हय?" मग मी फाटकात उभं राहून बरंच बोललो. (ते कंसात सुद्धा लिहिण्यासारखं नाही.) तेव्हापासून बोलणं बंद आहे. ते रोपही आता वाळलं. खरं सांगतो आक्का, त्या देठाकडं बघून मला रडू आलं. आईचं एवढंच माझ्या हातात होतं आणि ते मी घालवलं.

शुभांगी नमस्कार सांगते.

तुझा,
वाल्मिक

ता. क. पत्र बंद करता करता गच्चीवर गेलो होतो. रामहरीच्या परसात झेंडूचा आख्खा वाफा आहे. दोनच फुलं उमललीत, बाकीच्या रोपांना अजून कळीही नाही. फुलांना मधोमध शेंडी आहे. गेल्या दसऱ्याला तू आमच्या दाराला बांधलेलं आईच्या झेंडूचं तोरण वाऱ्यानं गेलं, असं आपण धरून चाललो होतो ना? ते वाऱ्यानं गेलं नव्हतं. त्या माणसानं ते नीट वाळवलं, पेरलं आणि जगवलं. मला त्याचा राग यायला हवा, पण मी गच्चीवर उभा राहून हसत होतो.

पुन्हा ता. क. सहावी माळ. हसू टिकलं नाही. ती दोन फुलं आज त्यानं माळेत ओवली, आणि त्या भांडणानं घाबरून वाफ्यावर बल्ब टांगलाय, माझ्या बल्बपेक्षा मोठा. पत्र टेम्पोवाल्याच्या हाती पाठवतोय. मिळेल त्या एसटीनं ये. तो तुझ्याकडून राखी बांधून घेतो, तुझा शब्द मोडायचा नाही. बी मागू नकोस, फूल मागू नकोस, तोरणाचं तर नावच काढू नकोस. एवढंच म्हण, की रामहरी, दिवा मालव. मी सांगायला गेलो तर तो दुसरा लावील.