करड्या हंसिणीचं पीस

बर्न, १२ फेब्रुवारी १५२८

ती. व्हेरेनाताईस,
धाकट्या बेंडिख्टचा सा. न. वि. वि.

इथल्या चर्चमधल्या मूर्ती उतरवून झाल्या. गाडे ओढून कंबरेचा काटा ढिला झालाय. ओबरब्यूरेनच्या देवळातली मारियेची मूर्तीही उतरणार, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं. नव्या धर्माचे उपदेशक, झुरिकचे त्स्विंग्ली सांगतात, माणूस तरतो तो देवाच्या दयेनं. बाप्तिस्म्याचं पाणी ही नुसती खूण. मनाला लावून घेऊ नकोस. गुडघे कसे आहेत?

तुझ्या मायेतला,
बेंडिख्ट

थून, २० फेब्रुवारी

चि. बेंडिख्टास अनेक आशीर्वाद.

मनाला लावून घेऊ नको म्हणे. तुम्हा शहाण्यांना लिहायला काय जातं? एकोणतीस वर्षांपूर्वी माझी पोर श्वास न घेताच जन्मली. बाप्तिस्मा नाही म्हणून पाद्री दफनभूमीत जागा देईना. नवरा लढाईवर, मी खाटेवर. तूच तिला टोपलीत घालून ओबरब्यूरेनला निघालास; तिथल्या मारियेपुढे अशी लेकरं बाप्तिस्म्यापुरती जिवंत होतात म्हणत. तिथे निखाऱ्यांजवळ ऊब दिली, ओठांवर ठेवलेलं पीस श्वासानं हललं, जीव आहे म्हणून लगेच बाप्तिस्मा झाला, मारिया नाव पडलं, हे तूच येऊन सांगितलंस. ते पीस अजून माझ्यापाशी आहे.

आता पाण्यात काही नाही म्हणतोस, तर माझी पोर कुठे आहे? वाद नको, मी दमलेय. तेवढंच सरळ लिही.

तुझी ताई

बर्न, २ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझी पोर देवापाशी आहे. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकरांना देव टाकत नाही, हेही त्स्विंग्लींचंच म्हणणं. ते ऐकून मी भर चर्चमध्ये ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, याच्या अंगात नवा धर्म भिनला.

ताई, मी ओबरब्यूरेनला पोचलोच नव्हतो. बर्फानं रस्ता बंद, आणि मी सतरा वर्षांचा. वाटेत म्युन्सिंगेन गावापुढे एका अक्रोडाखाली तिला पुरलं. पीस परतल्यावर आपल्याच अंगणात उचललं. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

अपराधी,
बेंडिख्ट

थून, ११ मार्च

चि. बेंडिख्टास आशीर्वाद.

ओबरब्यूरेनला जाऊन यायला चार दिवस लागतात. तू दुसऱ्या संध्याकाळी दारात उभा होतास. नखं रक्ताळलेली. आणि आपल्या करड्या हंसिणीचं पीस मी ओळखणार नाही? विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास, म्हणून गप्प बसले.

या वयात नवं शिकायचा जोर माझ्यात नाही. तो अक्रोड उभा आहे का, तेवढं बघून ये. असेल तर रस्ता सुकल्यावर मला तिथे ने.

तू रचलेलं नाव मी कधी घेतलं नाही. बाप्तिस्म्यावाचून नाव देत नाहीत, म्हणून मी मनात ठेवलेलंही मोठ्यानं म्हटलं नाही. तिचं नाव आग्नेस.

माया आहे तशीच आहे.
ताई